दार उघडं आहे, सवड कुठे आहे?



आपल्या मंडळात संपादकीय आळीपाळीनं लिहायचं असं ठरलेलं आहे. या अंकाची पाळी माझी. मी धाडची. बुलढाणा तालुक्याच्या टोकाला, जिथे विदर्भ संपतो आणि भोकरदनकडचा मराठवाडा सुरू होतो, तिथलं हे गाव. इथे मी बरीच वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे या वेळचा विषय थोडा आकड्यांचा, थोडा यंत्राचा वाटला तर सांभाळून घ्या. विषय आपलाच आहे, हे पुढे कळेल.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एसटीनं बुलढाण्याला जाऊन-येऊन संगणकाची पदवी शिकली आणि आता घरी आहे. गेल्या वर्षी तिनं जावास्क्रिप्टच्या एका ओपन सोर्स लायब्ररीसाठी एक छोटं पॅकेज लिहिलं. ते तपासलं गेलं, दुरुस्त्या झाल्या आणि स्वीकारलं गेलं. एवढीच घटना. तिचं नाव मी देत नाही, त्या लायब्ररीचंही देत नाही. तिनंच नको म्हटलं आहे. का नको म्हटलं, तेही या लेखात यायला हवं.

आधी हे काम म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण ते मला समजायलाच चार दुपारी लागल्या. जावास्क्रिप्ट ही संगणकाला काम सांगायची एक भाषा. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. आज मोबाइलवर आपण परीक्षेचा अर्ज भरतो, गाडीचं तिकीट काढतो, त्या पानांच्या पोटात बहुधा हीच भाषा असते. प्रत्येकानं प्रत्येक गोष्ट नव्यानं लिहायची म्हटलं तर कुणाचंच काम उरकणार नाही. म्हणून नेहमी लागणारी कामं एकदा नीट लिहून, तपासून, सगळ्यांसाठी ठेवून दिलेली असतात. तो साठा म्हणजे लायब्ररी. त्यातलं एक-एक छोटं काम म्हणजे पॅकेज. मसाल्याच्या डब्यातली एक वाटी म्हणा. मोहरीची वाटी मोहरीपुरतीच, पण ती नसली तर फोडणी अडते.

आणि ओपन सोर्स म्हणजे हा सगळा मजकूर कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. यातला एक फार वापरला जाणारा परवाना एमआयटी या नावानं ओळखला जातो. तो पानभरही नाही. वापरा, बदला, विका, हरकत नाही. फक्त हक्काची नोंद आणि हा परवाना सोबत राहू द्या, इतकंच तो मागतो. म्हणजे काम फुकट, पण करणाऱ्याची नोंद पुसायची नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा.

छोट्या पॅकेजला हसू नका. मार्च २०१६ मध्ये असंच एक अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं भांडणाच्या रागात काढून घेतलं. ‘लेफ्ट-पॅड’ त्याचं नाव. मजकुराच्या डावीकडे हव्या तेवढ्या जागा भरणं एवढंच त्याचं काम. पण त्याच्यावर दुसरं पॅकेज उभं होतं, त्याच्यावर तिसरं, आणि जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांमधली कामं अडली. काही तासांत ते परत बसवावं लागलं. अकरा ओळी! आपल्याकडे घरातली बाई चार दिवस माहेरी गेली की चहापत्तीचा डबा कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसतं, तशातलाच हा प्रकार.

आता आमच्या मुलीचं पॅकेज. पदवीनंतर काही महिने ती एका ठिकाणी अर्जांच्या याद्या भरायला जात होती. एकदा एक बाई आली. आडनाव समजा ‘कऱ्हाळे’. संगणकात नाव टाकून शोधलं, तर सापडेना. बाईला सांगितलं, तुमचं नाव यादीत नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा तेच उत्तर. दोन दिवसांचा रोज बुडाला. मग मुलीनं यादी वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी वाचली. नाव होतं, अगदी स्वच्छ छापलेलं.

घोटाळा होता त्या ‘ऱ्ह’मध्ये. ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला आपला हा आडव्या रेघेचा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. कुणी एका तऱ्हेनं यादी भरली, दुसरीनं दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं, की बाई गायब. वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेली अक्षरं एकसारखी करून घेण्याचे ठरीव नियम युनिकोडनं दिलेले आहेत, पण हा फरक त्यांत मिटत नाही. मराठी आणि नेपाळी सोडल्या तर फारशा कुणाला या र ची गरज नाही, त्यामुळे ओरडणारंही कुणी नव्हतं.

(हे समजून घेताना मला आणखी एक गंमत कळली. जावास्क्रिप्टला ‘स्त्री’ या शब्दाची लांबी विचारली तर ती ६ सांगते: तीन व्यंजनं, दोन मोडलेले पाय आणि एक वेलांटी. ‘पुरुष’ची सांगते ५. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा बराच हशा पिकला. पण खरी गोष्ट अशी की आपण जिला एक अक्षर म्हणतो ती ‘स्त्री’ यंत्राला एकसंध दिसतच नाही. अक्षर कुठे तोडायचं याचा युनिकोडचा नियमसुद्धा तिचे तीन तुकडे करत होता. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एक धरायची सोय झाली. ज्या लायब्रऱ्यांनी नवा नियम घेतला नसेल, तिथे अजूनही तीनच.)

तर तिनं केलं ते इतकंच: दोन्ही तऱ्हांचा अर्धा र ओळखून एकाच तऱ्हेचा करून देणारं पॅकेज. कामाच्या ओळी वीसेक. पण नुसत्या त्या ओळी पाठवून भागत नाही. आधी मूळ साठ्याची आपली एक प्रत काढायची, तिच्यात नवं पॅकेज ठेवायचं. मग चाचण्या लिहायच्या: रिकामा मजकूर दिला तर काय, इंग्रजी दिला तर काय, ‘दऱ्या’ दिला तर काय आणि ‘दर्या’ दिला तर काय. ही शेवटची चाचणी फार महत्त्वाची, कारण ‘दर्या’ म्हणजे समुद्र, त्याला हात लावला तर अजिंठ्याच्या डोंगरातल्या दऱ्यांमध्ये पाणी भरेल! मग वापराची उदाहरणं, माहितीचं पान, आवृत्तीचा क्रमांक, परवाना. एवढं झालं की ‘हे तुमच्यात घ्याल का’ असा अर्ज करायचा. त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. अर्ज गेला की आधी यंत्रच सगळ्या चाचण्या चालवून बघतं. तिचा अर्ज पहिल्यांदा एका ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेवरून परत आला. माझ्या वर्गात मी इतकी कडक कधी नव्हते.

त्यानंतर माणसं वाचतात. त्यांना मेंटेनर म्हणतात; तीही बरीचशी आपलं पोटापाण्याचं काम सांभाळून हे करणारी. एकानं विचारलं, हे चुकीचं शुद्धलेखन दुरुस्त करणं आहे का? तिला इंग्रजीत, देवनागरी न वाचता येणाऱ्या माणसाला, समजावून सांगावं लागलं की ही चूक नव्हे, हे आमचं अक्षर आहे, आणि ते दोन तऱ्हांनी लिहिण्याची पाळी यंत्रामुळे आली आहे. दुसऱ्यानं विचारलं, दुसऱ्या भाषांचं यानं बिघडेल का? तिनं दाखवून दिलं की जोडचिन्ह असेल तिथेच हात लागतो, बाकी मजकूर जसाच्या तसा. फंक्शनचं नाव दोनदा बदललं. जवळपास दोन महिने हा पत्रव्यवहार चालला. भाषा रोखठोक होती पण अपमानाची नव्हती, हेही सांगायला हवं; सगळीकडे असं नसतं.

पॅकेज स्वीकारलं गेल्याचं तिनं घरी सांगितलं तेव्हा काय झालं, ते तिच्याच शब्दांत: ‘‘बाई, मायनं ईचारलं, याचे पैसे किती भेटतात? म्या म्हणलं, काहीच नाही. तं म्हणे, मंग कापूस येचणंच बरं, रोज तरी भेटते.’’

ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. आईचा प्रश्न बरोबर आहे, आणि ओपन सोर्सचं कौतुक करणाऱ्यांनी तो टाळू नये. बिनमोल श्रम या विषयावर आपण या पानांतून किती लिहिलं आहे! घरकाम, पाणी, जळण, म्हाताऱ्यांची सेवा, हे सगळं ‘प्रेमानं’ केलेलं काम, म्हणून त्याला मोल नाही. मग संगणकावरचं फुकट काम आलं की ते एकदम उदात्त कसं होतं? २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा मोठा दोष उघडकीला आला. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची गुप्तता ज्या ‘ओपन-एसएसएल’ या सॉफ्टवेअरवर अवलंबून होती, त्याला तोवर वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. वापरणाऱ्या कंपन्या मात्र अब्जावधींच्या. दोष सापडल्यावरच त्यांनी पाकिटं उघडली.

याला लोक इर्जिकीची उपमा देतात. आज तुझ्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या. उपमा चांगली आहे, मलाही आवडते. पण इर्जिकीला वीस माणसं आली की त्यांच्या भाकरी कोण थापत होतं? त्या बाईचा दिवस कुणी परत फेडला? इर्जिकीच्या हिशेबात औतं होती, बैल होते, गडी होते. चुलीपुढचे तास नव्हते. ओपन सोर्सच्या हिशेबातही ते नाहीत.

म्हणूनच ‘दार सगळ्यांना उघडं आहे’ हे वाक्य मला पुरतं पटत नाही. एका अर्थी ते खरंच आहे. तिथे पदवी विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, फी घेत नाहीत, बापाची सही मागत नाहीत. धाडच्या मुलीचा अर्ज आणि बंगळूरच्या इंजिनिअरचा अर्ज एकाच रांगेत. हे लहान नाही. आपल्या किती दारांवर असं लिहिलेलं आहे? पण आत येताना एक गोष्ट हातात असावी लागते, आणि ती म्हणजे मोकळा वेळ. सलग, शांत, कुणी हाक न मारणारा वेळ.

सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्या कामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष असं काम करतात, ते ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ! घरातल्या माणसांची सेवा-शुश्रूषा यात धरलेलीच नाही, ती वेगळी.

आमच्या मुलीचा दिवस मी लिहून घेतला होता. पहाटे पाणी, मग झाडलोट, आई शेतावर जाते म्हणून स्वयंपाक हिच्याकडे, दुपारी धुणं, आजीचं औषधपाणी, संध्याकाळी पुन्हा चूल. कापूस वेचणीच्या दिवसांत तीही शेतात. धाकटा भाऊ अभ्यास करतो, म्हणून त्याला कुणी हाक मारत नाही. तीही अभ्यासच करत होती, पण तो ‘मोबाइलवर बसणं’ म्हणून मोजला जायचा. पॅकेजचं सगळं काम तिनं रात्री दहानंतर केलं, चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर, मोबाइलचं नेट जोडून, वीज असेल तेव्हा. वीस ओळींना दोन महिने लागले त्याचं हे कारण. तिची बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे.

२०२४ पासून महाराष्ट्र सरकारनं आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या अनेक घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगला निर्णय आहे, मी त्याचं स्वागतच करते. पण पोरीचं घरकाम माफ करणारा शासन निर्णय अजून निघालेला नाही, आणि तो मंत्रालयातून निघणारही नाही.

आता नावाविषयी.

अर्ज करताना तिनं आपलं नाव लिहिलं नाही. नावाचं आद्याक्षर आणि आडनाव, एवढंच. फोटोऐवजी रानफुलाचं चित्र. मी विचारलं, ‘‘असं का गं?’’ ती म्हणाली, ‘‘बाई, नाव पाहिलं की लोक मेसेज करतात. काम राहते बाजूला.’’ दुसरं कारण घरचं होतं. मुलीचं नाव इंटरनेटवर दिसतं म्हटलं की भावकीत चर्चा होते. या अंकात नाव नको, त्याचंही कारण तेच.

तिची भीती मनाची नाही. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी अशा लाखो अर्जांचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. एकूण पाहता बायकांचे अर्ज पुरुषांपेक्षा थोडे जास्तच स्वीकारले जातात, असं त्यात दिसलं. पण ज्या बायका त्या प्रकल्पाला नव्या, अनोळखी होत्या, त्यांचं चित्र वेगळं होतं. नावावरून, फोटोवरून बाई असल्याचं कळत नसेल तर त्यांचे ७१.८ टक्के अर्ज स्वीकारले गेले. कळत असेल तर ६२.५ टक्के. काम तेच, हात तेच. फरक फक्त नाव दिसण्याचा. त्याच वर्षी गिटहब या, असा मजकूर साठवणाऱ्या सगळ्यात मोठ्या ठिकाणानं पाहणी केली, तिच्यात उत्तरं देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष होते आणि बायका ३ टक्के.

बुलढाण्यात बसून मला इथे एक नाव आठवणारच. ताराबाई शिंदे आमच्याच बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, तिला शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. त्याला उत्तर म्हणून हे छोटं पुस्तक. ताराबाईंनी टोपणनाव घेतलं नाही, आडोसा घेतला नाही. परिणाम काय झाला? टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. पुढे सुमारे नव्वद वर्षं हे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा आपल्या चळवळीला आपली पणजी सापडली.

मग मी माझ्या विद्यार्थिनीला ‘पूर्ण नाव लाव’ असा आग्रह करू का? आमच्या बैठकीत यावर चांगलीच खडाजंगी झाली. एकीचं म्हणणं, नाव लपवणं म्हणजे हार. मला ते मान्य नाही. नाव लावण्याची किंमत जिला मोजायची आहे तिनंच ठरवावं. मंचावरून शौर्य वाटणं सोपं असतं. पण तिच्या लपण्याला मी ‘तिची निवड’ म्हणून गप्पही बसणार नाही. आद्याक्षरामागे लपली म्हणून अर्ज न्यायानं वाचला गेला, ही तिची सोय झाली, न्याय नव्हे. शिवाय पुढच्या मुलीला त्या यादीत बाईचं नाव दिसत नाही ते नाहीच. एक समाधान आहे. या कामातला प्रत्येक बदल कुणी, केव्हा केला याची नोंद मूळ साठ्यात कायम राहते. आद्याक्षर का होईना, ते तिचं आहे. उद्या तिला वाटलं तर ती बोट ठेवून म्हणू शकेल, ही मी.

इतकं असताना मी मुलींना या कामाला जा म्हणते का? म्हणते, आणि त्याचं कारण पैसे नाहीत की पुण्याची नोकरीही नाही. नोकरीला उपयोग होतो, हे खरं. मुलाखतीत कॉलेजचं नाव विचारण्याऐवजी ‘तुझं काम दाखव’ म्हणणारे लोक आहेत, आणि धाडच्या मुलीला तो मार्ग सोयीचा. पण माझं मुख्य कारण ती ‘कऱ्हाळे’ आहे. यादीत असून नसलेली. यंत्रात आपली अक्षरं कशी बसायची हे कुणी तरी ठरवतंच आहे. जे तिथे हजर असतात ते ठरवतात. आपण नसलो तर ते वाईट हेतूनं चुकीचं ठरवतील असं नाही, त्यांना फक्त माहीत नसेल. ज्या माणसानं ‘ही शुद्धलेखनाची चूक का’ विचारलं तो दुष्ट नव्हता. त्याला सांगणारं कुणी तिथे नव्हतं, इतकंच. अन् रोज बुडाला तो एका बाईचा.

बायकांना यात रस नसतो, हेही ऐकून घेते मी अधूनमधून. २००६ साली ‘नोम’ या ओपन सोर्स प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी योजनेसाठी १८१ अर्ज आले. त्यांत एकही बाईचा नव्हता. मग त्यांनी खास बायकांसाठी म्हणून बोलावणं काढलं, मानधन ठेवलं. शंभराच्या वर अर्ज आले. तोच प्रकल्प, तेच वर्ष. त्यातूनच पुढे ‘आउटरीची’ नावाची योजना उभी राहिली. तीत तीन महिने ओपन सोर्सचं काम करण्याचे पैसे देतात, घरबसल्या करता येतं, आणि आपल्या देशातल्या मुलीही त्यात निवडल्या गेल्या आहेत. आईच्या प्रश्नाला मला सापडलेलं हे एक सरळ उत्तर. पण त्या निवडीसाठी आधी थोडं काम करून दाखवावं लागतं, आणि ते पुन्हा फुकट, पुन्हा मोकळ्या वेळात. म्हणजे गाडी फिरून सवडीपाशीच येते.

तेव्हा सवड कुठून आणायची, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. धाडला मंडळाची जी खोली आहे तिथे आम्ही दोन जुने संगणक बसवले आहेत. वेळ ठरवताना मोठा वाद झाला. मुलींचं म्हणणं होतं दुपारी दोन ते चार ठेवा, घरची कामं उरकलेली असतात. मी हट्ट धरला की आठवड्यातल्या दोन दिवशी तरी वेळ संध्याकाळी सहा ते आठ असावी. नेमकी भाकरीची वेळ. दुपारची वेळ ठेवली तर घराला काहीच सोडावं लागत नाही, मुलगी आपली विश्रांती सोडते. संध्याकाळी ती खोलीत असेल तर घरात दुसऱ्या कुणाला तरी पीठ मळावंच लागेल. काही जणींना ही माझी जबरदस्ती वाटली. ‘‘ताई, अशानं पोरीच बंद होतील,’’ असं एकीनं बजावलं. तिचंही चूक नाही. शेवटी दोन संध्याकाळी आणि एक दुपार असं ठरलं. दुपारी खोली भरते. संध्याकाळी निम्म्या येतात. एकीच्या घरी आता त्या दोन दिवशी भाऊ खिचडी लावतो, दुसरीच्या घरी आईच दमून येऊन करते, आणि हे दुसरं आम्हाला मुळीच नको होतं. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. पुढच्या बैठकीत त्या आयांना बोलवायचं आहे.

आमच्या मुलीचं पुढचं पॅकेज सुरू आहे. मराठी नाव कमी जागेत बसवताना जोडाक्षर मध्येच तोडायचं नाही, असं ते काम. ‘ज्योत्स्ना’चा ‘ज्योत्’ होऊ नये म्हणून. या वेळी तिच्यासोबत आणखी दोघी बसतात.

वाचक मैत्रिणींकडे मागणं आहे ते तीन गोष्टींचं. कुणाकडे चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पडून असेल तर तो. भारनियमनाच्या वेळी दोन तास टिकेल अशी इन्व्हर्टरची बॅटरी. आणि शहरात संगणकाचं काम करणाऱ्या तुमच्यापैकी कुणी, आठवड्यातून एकदा फोनवर, इंग्रजीत आलेले शेरे या मुलींना समजावून सांगायला अर्धा तास देऊ शकत असेल तर मंडळाच्या पत्त्यावर कळवा. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ खोली उघडी असते.